टायर कधी उतरवायचा: सहा गाड्यांच्या पावसाळी तपासणीच्या नोंदी

ठिकाण छत्रपती संभाजीनगर. गाड्या सहा: क्र. १ ते ३ डिझायर टूर, सीएनजी (१६५/८० आर १४), क्र. ४ आणि ५ अर्टिगा (१८५/६५ आर १५), क्र. ६ इनोव्हा क्रिस्टा (२०५/६५ आर १६). स्टेपन्या धरून टायर ३०. शेंद्रा आणि वाळूजच्या कर्मचारी फेऱ्या, पुण्याचं भाडं, समृद्धीवरून नागपूर, असं मिश्र काम. पाऊस लागायच्या आत कुठला टायर उतरवायचा आणि कुठला राहू द्यायचा, एवढाच प्रश्न.

२१ एप्रिल २०२५, सोमवार

गाड्यांच्या वहीत आजवर एकच नियम होता: ४० हजार किलोमीटर झाले की चारही टायर बदला. तो या वेळी बाजूला ठेवला. एकाच गाडीचे चार टायर एकसारखे झिजत नाहीत. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते अशा गाडीत पुढचे दोन ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा बहुतेक भारही घेतात. सीएनजीच्या गाडीत सिलिंडरचं ओझं कायम मागच्या ॲक्सलवर असतं. स्टेपनी तर किलोमीटर न करताच म्हातारी होते. म्हणून निर्णय गाडीचा नाही, एकेका टायरचा.

निकष असे ठरले. धागा दिसतोय, कडेला फुगा आहे, खाचेतल्या पट्ट्या नक्षीच्या बरोबरीला आल्या आहेत किंवा खांद्यावर (नक्षी आणि भिंत जिथे मिळतात तिथे) अथवा कडेच्या भिंतीत भोक आहे, यांपैकी काहीही असलं तर टायर त्याच दिवशी खाली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९४ नुसार कारच्या टायरची खाच किमान १.६ मिमी लागते. ती कायद्याची शेवटची रेघ झाली, पावसात चालवायची नव्हे. जून ते सप्टेंबरसाठी आमची रेघ ३ मिमी. उत्पादन तारखेला पाच वर्षं झालेला प्रत्येक टायर आतून-बाहेरून वेगळा तपासायचा. टायर कंपन्या साधारणपणे दहा वर्षं ही कमाल मर्यादा सांगतात, बरेच कार उत्पादक सहाच वर्षं. इथल्या उन्हाकडे बघता आम्ही सहाच्या बाजूने.

साहित्य: डिजिटल खोली मापक (काचेवर टेकवून शून्य करून घेतलेलं), स्वतःचं हवेचं मापक, टॉर्च, पिवळा खडू, बोथट टोकाचा हूक, साबणाचं पाणी, टॉर्क पाना. समाजमाध्यमांवर नाणं खाचेत घालून बघायची युक्ती फिरते. ती अमेरिकन पेनीची आहे. पेनीवरच्या लिंकनच्या डोक्यापासून नाण्याच्या कडेपर्यंतचं अंतर जवळपास १.६ मिमी भरतं म्हणून ती तिथे चालते. आपल्या रुपयाशी तिचा संबंध नाही. मापक दोन-अडीचशे रुपयांत मिळतं.

२२ एप्रिल, मंगळवार

आधी हवा. हवा चुकलेली असेल तर पुढची झीज वाचताना गोंधळ होतो.

सकाळी पहिल्या ड्यूटीच्या आधी, गाड्या रात्रभर उभ्या असतानाच मोजली. थंड टायर म्हणजे किमान तीन तास उभी असलेली किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली गाडी. किती हवा हवी ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पाटीवर असतं. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो.

क्र. २: चारही टायर पाटीपेक्षा ५ ते ६ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) कमी. क्र. ६: मागचे दोन ७ ने जास्त, लांबच्या भाड्याला सामान असतं म्हणून कोणीतरी कायमची वाढवून ठेवली होती. क्र. ४ च्या स्टेपनीत ११ पीएसआय. बाकीचे दोनच्या फरकात.

क्र. २ मध्ये हवा का कमी, याचं उत्तर दुपारी मिळालं. चालक हवा दुपारी, शहरात दोन-तीन तास फिरल्यावर बघतो, पंपावरचा आकडा जास्त दिसला की तेवढी सोडून देतो. पडताळणी म्हणून एक टायर दिवसातून दोनदा मोजला: सकाळी ३१, दुपारी कडक उन्हात चालून आल्यावर ३६. हवा तीच, फक्त तापलेली. तापमान साधारण ५ ते ६ अंश वाढलं की १ पीएसआय चढतो. ती वाढ गृहीत धरूनच पाटीवरचा थंड आकडा ठरवलेला असतो. गरम टायरची हवा सोडली की सकाळी तो पाच पीएसआयने कमी भरतो, मग कडा जास्त दुमडतात, रबर आणखी तापतं. उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे जास्त हवेपेक्षा कमी हवा अधिक वेळा असते, हे चालकांना पटवणं या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

पंपावरचं मापक आमच्या मापकापेक्षा २ पीएसआय जास्त दाखवतं. यापुढे नोंद एकाच मापकाची.

२४ एप्रिल, गुरुवार

खोली मोजली. पद्धत: प्रत्येक टायरच्या सगळ्या मुख्य उभ्या खाचा, घेरावर तीन ठिकाणी, साधारण सारख्या अंतराने. आतली खाच गाडी खाली वाकून दिसत नाही. पुढची चाकं पूर्ण वळवून, मागची जॅकवर घेऊन मोजली. वहीत सरासरी लिहायची नाही, सर्वांत कमी आकडा लिहायचा. एका कडेला १.४ आणि दुसरीकडे ४.६ असेल तर सरासरी ३ येते आणि बाद टायर पास होतो.

मापकाची सुई तीन ठिकाणी फसवते: खाचेत अडकलेल्या खड्यावर, खाचेच्या तळाशी असलेल्या आडव्या झीज-पट्टीवर आणि नक्षीच्या ठोकळ्यांतल्या बारीक चिरांमध्ये. खडे आधी हुकाने काढायचे. झीज-पट्टी शोधायला टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी १.६ मिमी उंचीचा उंचवटा सापडतो.

किमान खोली, मिमीमध्ये (पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं, स्टेपनी):

क्र. १: ४.०, ३.९, ४.६, ४.३, ५.१
क्र. २: २.४, २.३, ४.४, ४.५, ६.९
क्र. ३: ३.४, ३.५, ३.७, ३.८, ७.६
क्र. ४: २.२, १.४, ५.०, ५.२, ६.६
क्र. ५: ५.३, ४.८, २.८, ४.९, ५.६
क्र. ६: ६.१, ६.०, ३.१, ३.२, ६.४

नवा कार टायर साधारण ७ ते ८ मिमीचा येतो. क्र. ४ चं पुढचं उजवं कायद्याच्याही खाली, म्हणून ते आजच काढून स्टेपनी लावली (हवा भरून, साबणाच्या पाण्याने गळती तपासून). क्र. ४ ची स्टेपनी गाडीखाली साखळीला टांगलेली. ती खाली सोडायची यंत्रणा गंजून अडकली होती. रस्त्यात पंक्चर झालं असतं तर स्टेपनी असून नसल्यासारखी. ग्रीस मारून वर-खाली करून ठेवली, क्र. ५ आणि ६ चीही.

हा तक्ता पाहून बहुतेक जण क्र. २ आणि ४ चे पुढचे चार टायर बदला, क्र. ५ चं मागचं डावं बदला, क्र. ३ वर लक्ष ठेवा, संपलं, असं म्हणतील. पुढच्या आठवड्यात यादी बदलली.

२५ एप्रिल, शुक्रवार

झीज कुठे आहे ते वाचलं. खोलीचा आकडा टायर किती उरलाय ते सांगतो, झिजेची जागा गाडीत काय बिघडलंय ते सांगते.

क्र. २, पुढचे दोन्ही: मध्ये ४.१, दोन्ही कडांना २.४ आणि २.३. कमी हवेची सही. टायर मधून आत दबतो आणि भार दोन्ही खांद्यांवर चालतो.

क्र. ६, मागचे दोन्ही: उलटं. मध्ये ३.१ आणि ३.२, कडांना ५ च्या पुढे. जास्त हवेने टायर मधून फुगीर राहतो आणि जमिनीला मधलाच पट्टा लागतो. इनोव्हा मागच्या चाकांवर ओढणारी असल्यामुळे मागचे आधीच लवकर झिजतात, त्यात हे.

क्र. ४, पुढचे दोन्ही: फक्त आतली कड गेली, उजवीकडे जास्त. तळहात नक्षीवरून आडवा फिरवला तर एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने खरवडतं. प्रत्येक ठोकळ्याची एक बाजू धारदार झालीय. ही टोची (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत त्याची) गडबड: चाकं सरळ न चालता किंचित बाहेर तोंड करून घासत चाललीत. या गाडीत पुढचा कँबर (चाकाचा उभ्यातला कल) कारखान्यातूनच ठरलेला असतो, अलाइनमेंटवाला (चाकांचे कोन जुळवणारा) फक्त टो हलवू शकतो. जॅकवर चाक धरून हलवलं तर उजव्या टाय रॉड एंडला (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा) खेळ जाणवला आणि लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बुश फाटलेलं. हे बदलल्याशिवाय अलाइनमेंट केली तर कागदावर आकडे बरोबर येतील आणि पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतील.

क्र. ५, मागचं डावं: घेरावर ठरावीक अंतराने खोलगट वाट्या, कुठे ३.९, कुठे २.८. चाक रस्त्यावर उड्या मारतंय. शॉक ॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ. समृद्धीवर या गाडीच्या मागून घूं असा आवाज येतो अशी तक्रार वहीत होती आणि तिचा खर्च बेअरिंगवर आधीच होऊन गेलाय.

२८ एप्रिल, सोमवार

तारखा. टायरच्या भिंतीवरच्या लांबट चौकटीतले शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४२३ म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. तारीख अनेकदा एकाच बाजूला असते आणि नेमकी आत बसते, म्हणून टॉर्च घेऊन गाडीखाली जावं लागतं.

क्र. ३ च्या स्टेपनीवर ०९१७. आठ वर्षं उलटून गेली. तीस टायरांत सर्वांत खोल खाचा याच्या, ७.६ मिमी, अंगावरचे रबरी केससुद्धा शाबूत, आणि तरी बाद. चालता टायर दुमडत राहतो तेव्हा रबरातलं संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहतं. पडून राहिलेल्या टायरला ते मिळत नाही. तो आतून कडक होतो. खाचा बोटांनी फाकवल्या तर तळाशी बारीक भेगांची जाळी दिसते. रबराचा कडकपणा मोजणाऱ्या शोअर ए मापकाने सावलीत एकाच वेळी मोजलं: २०२३ च्या टायरचं रबर ६५, याचं ७८. या आकड्यावरून टायर बाद करत नाही, तापमानाने तो हलतो. पण शेजारी-शेजारी तुलना बोलकी.

क्र. ५ चे चार टायर १४२३ चे, पुढचं डावं मात्र २२१९. कधीतरी एकच टायर बदलताना दुकानात पडून असलेला किंवा दुसऱ्या गाडीचा उतरलेला बसवला गेला. ५.३ मिमी शिल्लक, पण कडेच्या भिंतीत आणि खाचांच्या तळाशी भेगा. भिंतीवरच्या केसासारख्या वरवरच्या रेषा चालतात. नखाची कड अडकेल अशी भेग किंवा खाचेच्या तळाशी लांबीने पळणारी भेग चालत नाही, कारण तिथून पाणी आतल्या पोलादी पट्ट्यांपर्यंत जातं. यादीत घेतला.

टायर काळेभोर करणाऱ्या पेट्रोलियमवाल्या पॉलिशवर आजपासून बंदी. चमकते छान, रबर कोरडं पाडते.

३० एप्रिल, बुधवार

क्र. १, मागचं उजवं. मापक ४.३ दाखवतं, शेजारचं ४.६. आकड्यांवर हा टायर पास होता. संशय आला तो झीज-पट्टीमुळे: खांद्यावर त्रिकोण आहे, पण त्याच्या समोर खाचेच्या तळाशी उंचवटाच नाही. टॉर्च तिरपा धरला तर खाचेच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या धारदार, तळ ओबडधोबड, आणि साच्यातून आलेल्या खाचेचा गोलसर तळ कुठेच नाही. टायर गुळगुळीत झाल्यावर गरम पात्याने खाचा कोरून "थोडाच वापरलेला" म्हणून विकायचे, हा सेकंडहँड बाजारातला जुना उद्योग. ट्रकच्या काही टायरांवर पुन्हा खाचा पाडता येतात असं लिहिलेलं असतं. त्यांत खाचेखाली तेवढं जादा रबर ठेवलेलं असतं. कारच्या टायरात ते नसतं. कोरलेल्या खाचेच्या तळापासून पोलादी पट्टा एखाद्या मिलिमीटरवर.

टायर लगेच उतरवला, गाडी स्टेपनीवर. खरेदीचं बिल सापडलं नाही. वहीत नियम वाढवला: वापरलेला टायर कुठल्याही भावात नको.

२ मे, शुक्रवार

भिंती आणि पंक्चर. क्र. ६ च्या पुढच्या डाव्या टायरला बाहेरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. ६.१ मिमी खाच, टायर जेमतेम वर्षाचा. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळतं तेव्हा भिंत रिम आणि खड्ड्याच्या मध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि त्या जागी हवा फक्त रबराने अडवलेली राहते. दुरुस्ती नाही. समृद्धीच्या काँक्रीटवर कारची वेगमर्यादा १२० आहे. असा टायर तिथे नेणं म्हणजे जीव धाग्यावर नाही, धाग्याशिवाय टांगणं.

रेडियल टायरच्या भिंतीवर रिमपासून नक्षीकडे जाणारी आत दबलेली उथळ रेघ पुष्कळदा दिसते. दोन चालकांनी तीही दाखवली. ती धाग्यांच्या थराचा जोड आहे, धोक्याची नाही. बाहेर आलं तर बाद, आत गेलं तर बहुधा ठीक.

पंक्चर सगळीकडे मोजले. नक्षीच्या मधल्या भागात ६ मिमीपर्यंतचं भोक दुरुस्त होतं, आणि तेही टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात दांडा, आत चकती) लावला तरच कायमचं. बाहेरून खुपसलेली चिकट पट्टी गाडी दुकानापर्यंत न्यायला आहे. क्र. ५ च्या मागच्या उजव्या टायरला अशी पट्टी थेट खांद्यावर. खांदा प्रत्येक फेऱ्यात दुमडतो, तिथे काहीच टिकत नाही. ४.९ मिमी असूनही यादीत.

५ मे, सोमवार

यादी पक्की. ३० पैकी ११ बाद. त्यांतल्या सहांची खाच ३ मिमीच्या वर आहे (एकाची कोरलेली), आणि कायद्याच्या १.६ च्या खाली गेलेला फक्त एक.

क्र. १: कोरलेला एक जाईल. स्टेपनी (५.१) मागे ४.६ च्या जोडीला, नवा टायर स्टेपनीत.
क्र. २: पुढचे दोन जातील.
क्र. ३: फक्त स्टेपनी. जुन्या नियमाने इथले चारही गेले असते, कारण ४१ हजार किलोमीटर झालेत. पण झीज सरळ, हवा नीट, टायर चार वर्षांच्या आतले. ७.५ वरून ३.४ म्हणजे हजार किलोमीटरला ०.१ मिमी. ३ च्या रेघेपर्यंत ४ हजार किलोमीटर शिल्लक. गाडी शहर फेऱ्यांवर टाकली, तिथे महिन्याला दोनेक हजार होतात. जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालेल. लांबचं भाडं बंद.
क्र. ४: पुढचे दोन.
क्र. ५: पुढचं डावं, मागचे दोन्ही. स्टेपनी (५.६) पुढे ४.८ च्या जोडीला. तीन नवे: दोन मागे, एक स्टेपनीत.
क्र. ६: फुगेवाला आणि मागच्यांतला ३.१ चा एक. स्टेपनी (६.४) पुढे ६.० च्या जोडीला, मागे दोन नवे, ३.२ चा तात्पुरता स्टेपनीत.

खरेदी: १६५/८० आर १४ चार, १८५/६५ आर १५ पाच, २०५/६५ आर १६ दोन.

७ मे, बुधवार

माल आला. घेताना पाहिलं: माप, भार निर्देशांक मूळच्यापेक्षा कमी नको (८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९५ म्हणजे ६९०), वेगाचं अक्षर मूळचं किंवा वरचं, आयएसआय चिन्ह, आयएस १५६३३ (कारच्या टायरचं भारतीय मानक), तारीख सहा महिन्यांच्या आतली. १८५ चे दोन टायर सव्वादोन वर्षं जुने निघाले, परत पाठवले. सावलीत नीट ठेवलेला टायर दोन वर्षांत खराब होतो असं नाही, पण पूर्ण किमतीत त्याचं दोन वर्षांचं आयुष्य आपण का भरायचं? एका ॲक्सलवर एकच नक्षी येईल अशी जोडी लावून घेतली. बिलावर प्रत्येक टायरचा क्रमांक लिहून घेतला. वॉरंटीत तो नसेल तर बोलणी तिथेच थांबतात.

१२ मे, सोमवार

टायर बसवायच्या आधी गाड्यांची कामं. क्र. ४: उजवा टाय रॉड एंड, लोअर आर्मची बुशं दोन्ही बाजूंची. क्र. ५: मागचे शॉक ॲब्सॉर्बर जोडीने, एकच बदलला तर नवा आणि जुना वेगळे दाबले जातात आणि गाडी एका अंगाला झोल देते. क्र. २ ला सुटे भाग काही नकोत, हवा बघायची वेळ बदलायला हवी. चालकाची सही घेऊन पहाटेची नोंद सुरू केली.

१४ मे, बुधवार

टायर बसवणी, सगळी एका दिवसात.

रिमच्या कडेचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला, नाहीतर तिथूनच हवा झिरपते. वॉल्व्ह प्रत्येक चाकाचा नवा. रबराचा वॉल्व्ह टायरइतकाच म्हातारा होतो आणि किमतीला टायरपुढे काहीच नाही. टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेला साबण-पेस्ट लावायचा. ग्रीस किंवा डिझेल लावू दिलं नाही, ते रबर खातं आणि टायर रिमवर घसरतो. कड बसवताना ४० पीएसआयच्या वर जायचं नाही. बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा पेस्ट. नव्या टायरवरचा पिवळा ठिपका हलक्या बाजूचा, तो वॉल्व्हपाशी आणला की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. बाण असेल तर फिरण्याची दिशा पाहायची. नट आडवे-तिडवे, आधी हाताने, मग गाडी खाली सोडून टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला. न्यूमॅटिक गनने शेवटचं आवळणं बंद. गनने आवळले की रस्त्यात गाडी जॅकवर घेतलेल्या माणसाला नट सुटत नाहीत.

नवे दोन मागे लावताना वाद झाला. पुढची चाकं ओढतात, मग नवे पुढे हवेत, हा चालकांचा मुद्दा. ओल्या रस्त्यावर आधी तरंगतो (पाण्याच्या थरावर चढून रस्त्याची पकड सोडतो) तो झिजलेला टायर. पुढचे तरंगले तर स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी सरळ जाते; पाय काढला की पकड परत येते. मागचे तरंगले तर गाडीचा मागचा भाग फिरतो, आणि तो सावरायला सामान्य चालकाला वेळच मिळत नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) इथे वाचवत नाही, कारण ब्रेक दाबलेलाच नसतो. म्हणून क्र. २ आणि ४ चे मागचे पुढे, नवे मागे. पुढे गेलेले लवकर झिजतील आणि पुढच्या खेपेला तेच जातील. खर्चाचा हिशेबही तसाच सुटसुटीत राहतो.

शेवटी अलाइनमेंट, सहाही गाड्यांची. स्टिअरिंग सरळ आहे का ते रस्त्यावर पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत.

उतरवलेल्यांपैकी कोरलेला, फुगेवाला, खांद्याला भोक असलेला आणि २०१७ व २०१९ चे दोन, यांच्या भिंती कापूनच भंगारात दिले. न कापता दिलेला टायर बाजारात परत उभा राहतो.

२६ मे, सोमवार

यंदा पाऊस लवकर. मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि आज मुंबईत पोहोचले. ७ जूनची वाट पाहत बसलो असतो तर गाड्या अजून जुन्याच टायरांवर असत्या. बदललेल्या चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासून झालेत, दोन ठिकाणी पाव वळसा गेला. नवे टायर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर बेताने चालवा असं सांगितलंय. साच्यातून सुटायला लावलेला लेप झिजेपर्यंत ओल्यात पकड पूर्ण नसते.

चालकांसाठी हवेचा हिशेब फळ्यावर मांडला. नासातल्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगांतून आलेलं ढोबळ सूत्र असं: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले १६.७, म्हणजे तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये. ३२ पीएसआयला ९४, २४ ला ८२. सूत्र विमानाच्या टायरांवरून आणि खाचेपेक्षा खोल पाण्यासाठी आलंय. झिजलेल्या टायरांवरची कार त्याआधीही तरंगू शकते. पिवळ्या नंबर प्लेटच्या (टॅक्सी) डिझायरला ८० चा गव्हर्नर (वेग त्यापुढे जाऊ न देणारी यंत्रणा) आहे, पण २४ पीएसआयवर तोही वाचवायला पुरत नाही. क्र. २ एप्रिलात साधारण तिथेच चालत होती.

१६ जून, सोमवार

क्र. ४: पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या आणि बाहेरच्या खाचांत ०.१ चाच फरक. टो टिकलाय.

क्र. ५: आवाज गेला.

क्र. २: हवा सगळीकडे पाटीवर, मागचं डावं मात्र आठवड्याला ३ पीएसआय उतरतं. निरोगी टायर महिन्याला एक-दोन उतरतो. वॉल्व्हवर साबणाचे बुडबुडे नाहीत, नक्षीत खिळा नाही; चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं तेव्हा रिमच्या आतल्या कडेतून बारीक साखळी. पोलादी रिमला तिथे जुना मार बसून किंचित वाक आलाय. रिम बदलली. टायरचा दोष म्हणून दुकानात गेलो असतो तर नवा टायर त्याच वाकड्या रिमवर बसला असता.

७ जुलै, सोमवार

क्र. ३: पुढचं डावं ३.०, उजवं ३.१, मागचे ३.५ आणि ३.६. अंदाज बरोबर बसला. पुढचे दोन काढले, मागचे पुढे आणले, दोन नवे मागे. पुढे आणलेले ३.५ चे म्हणजे आणखी पाचेक हजार किलोमीटर, सप्टेंबरअखेरपर्यंत पुरतील; तोवर गाडी शहराबाहेर पाठवायची नाही.

क्र. ६ च्या स्टेपनीतला ३.२ चा अजून वापरावा लागलेला नाही. पुढच्या खरेदीत २०५/६५ आर १६ एक लिहून ठेवला. पुढची मोजणी १ ऑगस्ट, तेव्हा स्टेपन्यांची हवाही.